आजोबांचं पितळी माप आणि कॅप्टन फोर्सिथचा पाव वळसा

ज्यांना ऑफिसच्या बसमध्ये ऐकता येत नाही, किंवा माझा आवाज सहन होत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित अवतार. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आमच्या नागपूरच्या घरी देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये एक पितळी वस्तू आहे. अंगठ्याएवढी, एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूने उघडी, कडेला पकडायला वाकवलेली तार. लहानपणी मला ते भातुकलीतलं भांडं वाटायचं. ते माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, बंदुकीची दारू मोजायचं माप होतं.

आबांची शेती उमरेड तालुक्यात, जंगलाच्या कडेला. भुईमूग, हरभरा, तूर. रात्री रानडुकरं आणि रोही. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. एका रात्रीत डुकरांचा कळप भुईमुगाचं वावर असं उकरून ठेवतो की सकाळी बघितल्यावर वाटतं कोणी नांगर फिरवून गेलं. त्यामुळे जागल. मचाणावर कंदील, घोंगडी, आणि आबांकडे परवान्याची एक ठासणीची बंदूक.

ठासणीची बंदूक म्हणजे काडतूस नाही. प्रत्येक बार हाताने भरायचा. नळीच्या तोंडातून दारू टाका, चिंधी टाका, गजाने ठासा, गोळी टाका, पुन्हा चिंधी, मग मागे टोपी लावा. अमेरिकेत आज हजारो लोक गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, दारूचं वजन काट्यावर तोलतात, आणि मग एका छोट्या रायफलने शेत उकरणारे प्राणी लांबून टिपतात. त्या छंदाबद्दल वाचताना मला हसू आलं. आमचे आबा तेच करत होते, फक्त मचाणावर बसून आणि कंदिलाच्या उजेडात.

आबा एक वाक्य नेहमी म्हणायचे. "बंदूक जुनी झाली त चालते, माप बदलवाचं नाई." याचं कारण मला कॉलेजात असताना कळलं.

१९६८-६९ च्या आसपासची गोष्ट. त्या रात्री आबा तापाने घरी, आणि जागलीला त्यांचे धाकटे भाऊ. माप घरीच राहिलं. धाकट्या आजोबांनी अंदाजाने, तळहातावर घेऊन दारू भरली. कमी पडली, का आदल्या आठवड्याच्या पावसाने ओलसर झाली होती, देव जाणे. बार निघाला, डुकराच्या मागच्या पायाला लागला, डुक्कर पळालं. पहाटे आमचे एक वाटेकरी नाल्याकडे गेले, तिथे ते जखमी जनावर झुडपात दबून बसलं होतं. त्याने त्यांची मांडी फाडली. जगले ते, पण आयुष्यभर लंगडत चालले. आबा दरवर्षी त्यांच्या घरी तुरीचं एक पोतं पाठवायचे, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही.

तर या एपिसोडचा विषय तेवढाच आहे. गोळी जिथे पाहिजे तिथे जावी यासाठी माणसांनी काय काय मोजलं, आणि आपल्या भागात हे मोजण्याचं काम कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलं. एक डिस्क्लेमर आधीच देतो: यात कुठेही किती दारू, कुठली दारू, असले आकडे मी देणार नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि बोटं दहाच असतात.

सुरुवात एका इंग्रज गणितज्ञापासून. बेंजामिन रॉबिन्स. १७४२ मध्ये त्याने तोफा-बंदुकांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात गोळीचा वेग मोजायची युक्ती सांगितली. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते बघायचं. अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात संवेग अक्षय्यतेचं जे गणित येतं ना, तेच. त्याआधी गोळीचा वेग हा निव्वळ अंदाज होता. रॉबिन्सनेच नीट मांडलं की गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी वाटेत कशीही गिरकी घेते आणि म्हणून भरकटते. नळीला आतून आटे पाडले, गोळीला ठरावीक दिशेने फिरवलं, तर ती सरळ जाते. गंमत म्हणजे हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर म्हणून भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

म्हणजे आबांची गुळगुळीत नळीची बंदूक ही रॉबिन्सच्या भाषेत मुळातच भरकटणारी. तरी ते वीस-पंचवीस पावलांवर डुक्कर पाडायचे, कारण तेवढ्या अंतरात भरकटायला वेळच मिळत नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, प्रत्येक बार आधीच्या बारासारखा ठेवणं. तेच ते माप.

आता आपल्या भागात येतो. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला, राजधानी नागपूर. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. नवीन चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांना जंगलात काय काय आहे ते माहीत करून घ्यायचं होतं, आणि त्या कामावर गेलेल्यांपैकी एक होता जेम्स फोर्सिथ, बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी, विशीतला पोरगा. पचमढीला गेला असाल तर 'बायसन लॉज' नावाची जुनी इमारत बघितली असेल. ती त्यानेच १८६२ मध्ये बांधली. पुढे तो निमाडचा डेप्युटी कमिशनर झाला. सातपुड्याच्या जंगलांवरचं त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ चं, आणि त्याच वर्षी तो गेला, तिशी नुकतीच ओलांडलेली.

हे पुस्तक वन खात्यातल्या आणि इतिहासातल्या लोकांना माहीत असतं. पण त्याआधी, १८६० च्या दशकात, त्याने आणखी एक पुस्तक लिहिलं होतं, शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर. मला फोर्सिथ भेटला तो या दुसऱ्या पुस्तकामुळे. आपल्याकडे पूर्वी बार कसा मोजत असत, हे शोधायला मी बसलो होतो.

फोर्सिथची अडचण काय होती ती समजून घ्या. फौजेत तेव्हा एनफिल्ड रायफल होती, तीच ती १८५७ ची काडतुसवाली. तिची गोळी लांबट. फौजेला सहाशे-आठशे यार्डांवर मारायचं असतं. जंगलात तसं नसतं. सागाच्या झाडीत गवा किंवा वाघ दिसतो तो पन्नास-शंभर यार्डांवर, दिसतो तो क्षणभर, आणि पट्टी वर-खाली करून अंतर जुळवायला वेळ नसतो. त्याला हवी होती जड गोल गोळी, भरपूर दारू, आणि शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत जवळपास सरळ रेषेत जाणारा मार्ग.

पण गोल गोळी आणि भरपूर दारू एकत्र आली की गडबड व्हायची. नळीतले आटे जर घट्ट पिळाचे असतील, म्हणजे गोळीला थोड्याच लांबीत पूर्ण वळसा घ्यायला लावत असतील, तर मऊ शिशाची गोळी जोराच्या धक्क्यात आट्यांवरून घसरायची. फिरायचीच नाही. चुकीच्या आट्याचा स्क्रू जोर लावून बसवला की आटे झिजतात ना, तसं. मग लोक काय करायचे? दारू कमी करायचे. म्हणजे गोळी हळू, म्हणजे मार्ग कमानीसारखा, म्हणजे नेम चुकला.

फोर्सिथने उलट विचार केला. दारू कमी करू नका, पीळ सैल करा. गोल गोळीला स्थिर राहायला फार गिरकी लागतच नाही. वेगवेगळ्या पिळांच्या नळ्या, वेगवेगळे बार, हे करत करत तो १४ बोअरच्या रायफलसाठी एका आकड्यावर आला: १०४ इंचांत एक वळसा. म्हणजे आठ फूट आठ इंच! रायफलची नळीच असते सव्वादोन फुटांच्या आसपास. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम पाव वळसा घेते. तेवढा पुरतो.

इथे मला राहवलं नाही आणि मी लॅपटॉप उघडला. १८७९ मध्ये जॉर्ज ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने एक सूत्र दिलं: पीळ किती इंचांत एक वळसा हवा हे काढायचं असेल तर गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. आता बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशातून ज्या मापाच्या १४ गोल गोळ्या होतात ते १४ बोअर. आपण 'बारा बोअर' म्हणतो ते याच हिशोबाने. १४ बोअरचा व्यास येतो ०.६९३ इंच. गोल गोळीची लांबी आणि व्यास सारखेच, म्हणून सूत्र उरतं नुसतं १५० गुणिले ०.६९३. उत्तर बघा: १०३.९५.

मी दोनदा रन केलं. सूत्र लांबट गोळ्यांसाठी आहे, त्यामुळे कोणी याला योगायोग म्हणालं तर मी भांडणार नाही. पण सूत्राच्या पंधरा-सोळा वर्षं आधी, नुसतं भरून, मारून, टार्गेटवरची भोकं मोजून एक पोरगा १०४ वर पोचला होता. आमच्या टीममध्ये याला आम्ही ब्रूट फोर्स म्हणतो आणि नाक मुरडतो.

एक कडू गोष्ट सांगायला हवी. फोर्सिथने ज्यांच्यावर हे प्रयोग वापरले ते वाघ आणि गवे आज पेंच-ताडोब्यात बघायला आपण सफारीचे पैसे मोजतो. तेव्हाचं सरकार वाघ मारायला बक्षीस द्यायचं. आणि त्याच्या पुढे जंगलात माग काढत चालणारे गोंड, कोरकू, ज्यांच्यामुळे तो शंभर यार्डांवर पोचायचा, त्यांच्या हातात ती रायफल नव्हती. १८७८ चा आर्म्स ॲक्ट आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हिंदुस्थानी माणसासाठी गुन्हा झालं, बहुतेक गोऱ्यांना मात्र सूट.

पुढची मोठी उडी केमिस्ट्रीची. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू बनवली. काळ्या दारूपेक्षा जोर कितीतरी जास्त आणि नळीत काजळी नाही. आता मोठ्या, जड गोळीची गरज उरली नाही, छोटी गोळी प्रचंड वेगाने फेकता येऊ लागली. चारच वर्षांत ब्रिटिश फौजेची रायफल .३०३ वर आली. छोटी गोळी लांबट असते, तिला जास्त गिरकी लागते, म्हणून पीळ घट्ट. फोर्सिथचे १०४ इंच कुठे आणि आजच्या .२२ स्पर्धा रायफलचे १६ इंच कुठे.

अमेरिकेत या छोट्या गोळीचं वेड लागलं. तिथे वुडचक नावाचा घुशीचा मोठा भाऊ शोभेल असा प्राणी कुरणात बिळं करतो, गुरांचे पाय त्यात अडकतात. लहान प्राणी, लांबचं अंतर, म्हणजे अचूकता हवीच. फ्रँकलिन मॅन नावाचा एक डॉक्टर तर गोळ्या कुठे आणि का भरकटतात याच्या नादी लागून वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला, १९०९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातल्या काही हौशी लोकांनी एका जुन्या .२२ काडतुसात नवीन दारू भरून बघितली, आणि त्यातून '.२२ हॉर्नेट' तयार झालं. १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने ते काडतूस बाजारात आणलं, तेव्हा त्यासाठीची कारखान्यातली रायफल अजून बाजारात यायची होती! युजरने लिहिलेला कोड कंपनीने आधी रिलीज केला आणि हार्डवेअर नंतर आलं, असं समजा.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे काडतूस हा कायम कायद्याचा विषय राहिला. १९०७ च्या सुमारास ब्रिटिशांनी भारतात .४५० बोअरच्या दारूगोळ्यावर बंदी आणली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या, आणि त्या गोळ्या बंडखोरांच्या हाती जातील ही भीती. परिणाम असा की इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांना भारतातल्या शिकारी गिऱ्हाइकांसाठी .४६५, .४७० असले नवेच बोअर काढावे लागले. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, तर्क तोच राहिला. .३०३ फौजेचं, म्हणून सामान्य माणसाला बंद, आणि .३१५ चालेल.

१९५९ चा शस्त्र कायदा वाचताना मी कलम १३ वर थांबलो. परवाना कशासाठी द्यावा त्यात पिकाच्या राखणीचा उल्लेख आहे, आणि त्यासाठी कुठली बंदूक? ठासणीची. चंद्रावर माणूस जायच्या दशकात आपल्या शेतकऱ्याला कायद्याने रॉबिन्सच्या आधीचं तंत्र दिलं. मला सरकारची भीती समजते, ठासणीच्या बंदुकीने कोणी दंगल करू शकत नाही. पण एक बार, तोही भरकटणारा, आणि समोर शंभर किलोचं जनावर. वाटेकऱ्यांच्या मांडीचा हिशोब मी निदान अर्धा तरी त्या कलमाच्या नावावर टाकतो. आबा मात्र पूर्ण हिशोब स्वतःच्या नावावर टाकायचे.

१९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर पिकातलं डुक्कर मारणं हाही परवानगीचा विषय झाला. आबा बंदूक नुसता आवाज करायला वापरू लागले, गोळी न भरता. दर निवडणुकीला ती पोलीस स्टेशनात जमा करायची, मग परत आणायची. एका निवडणुकीनंतर ते आणायला गेलेच नाहीत. माप तेवढं घरी राहिलं.

माझी एक मावसबहीण नेमबाज आहे, .२२ रायफल, पन्नास मीटर. त्याच पन्नास मीटर रायफल नेमबाजीत २०१० ला म्युनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिक ब्राँझ आणलं, ४५१.४ गुण. पन्नास मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास किती असतो माहितीये? १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा.

तिला मी विचारलं, तू पण गोळ्या स्वतः भरतेस का? ती हसली. .२२ रिमफायरमध्ये ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडाली की पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. म्हणजे इतक्या अचूक स्पर्धेतल्या माणसाला आपल्या गोळीत काहीच बदलता येत नाही.

मग ते काय करतात? लॉट निवडतात. बर्मिंगहॅमची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, आणि लापुआ, जिची .२२ जर्मनीतल्या श्योनेबेकला बनते. एकाच मशीनवर, एकाच ब्रँडची गोळी, पण प्रत्येक लॉटचा स्वभाव वेगळा. आणि प्रत्येक नळीचाही. नेमबाज आपल्या रायफलची नळी घेऊन टेस्ट रेंजवर जातात, ती शिकंजात आवळतात, आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून भोकांचा झुबका मोजतात. जो लॉट त्या नळीला आवडला तो विकत घ्यायचा. 'आवडला' हा शब्द माझा नाही, सगळे नेमबाज असंच बोलतात.

फरक किती पडतो ते मी मोजून बघितलं. गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने सुटली तर पन्नास मीटरपर्यंत जाताना ती साधारण ११ सेंटीमीटर खाली येते. तीच ३२० ने सुटली तर जवळपास १२. हवेचा रोध मी धरलेला नाही, तरी फरक येतो सात मिलिमीटरचा. वेगात तीन टक्क्यांची चूक, आणि दहाच्या बटणातलं निम्म्याहून जास्त अंतर गेलं. तुमचा हात दगडासारखा स्थिर असला तरी.

ती जर्मनीला जाऊ शकत नाही. आयात, परवाना, कोटा, आणि मग जे येईल त्यातले तीन-चार लॉट हाताशी लागतात. ती प्रत्येकातले दोन डबे घेते, पोटावर झोपून, पट्ट्याने रायफल बांधून, पहाटे वारा पडलेला असताना मारते, आणि वहीत भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर लिहिते. वही बघितली मी. तारीख, तापमान, लॉट नंबर, अंतर. नागपूरचा मे महिना आणि डिसेंबर यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर दोन वेगळ्या रायफली वाटतात.

गेल्या दिवाळीला ती आमच्याकडे आली होती. मी तिला ड्रॉवरमधलं पितळी माप दाखवलं आणि आबांची गोष्ट सांगितली. तिने ते बराच वेळ हातात फिरवलं, आतल्या कडेवरून नख फिरवलं, आणि म्हणाली, "याच्या आत एक रेघ आहे रे, पाहिली का?" मी इतकी वर्षं पाहिली नव्हती. काठाच्या थोडं खाली, खिळ्याने ओढलेली एक रेघ. आबा माप काठोकाठ भरत नव्हते, रेघेपर्यंत भरत होते. म्हणजे त्यांनीही कधीतरी बसून, कमी-जास्त करून, त्या एका नळीला काय आवडतं ते शोधलं असणार.

मग ती तिच्या लॉटबद्दल बोलली. दोन वर्षांपूर्वी सापडलेला, तिच्या नळीला बसलेला एकमेव. तो लॉट आता कुठेच मिळत नाही. तिच्याकडे पाच डबे उरलेत, अडीचशे गोळ्या. सराव दुसऱ्याच गोळ्यांवर करते. हे पाच डबे तिने राज्य स्पर्धेसाठी कपाटात, कपड्यांच्या घडीत, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवलेत.